भाकरीखालचा कागद

रेणू, वीस-एक वर्षं मी तुला विसराळू म्हणत आले. हळदीच्या दिवशी तुझ्या सासरच्या बायकांसमोर म्हणाले, तुझ्या शाळेच्या स्टेजवर माइक हातात घेऊन म्हणाले, आणि फोन ठेवताना तर दर वेळी, "आता हे तरी विसरू नको गं." तू हसायचीस. तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले आणि मला तो शब्द परत घ्यायचा आहे. कोणाकडून घ्यायचा ते कळत नाही, म्हणून कागद पुढे ओढला आहे.

बारावीपर्यंत आपल्या गल्लीत हुशार मी होते आणि कष्टाळू तू. माझ्या वह्या तू उतरवून घ्यायचीस आणि मी त्या मोठ्या मनाने द्यायचे. मग फिजिक्सच्या पेपरात माझं डोकं चाललं नाही. परभणीच्या कॉलेजची बीएस्सीची यादी लागली, तिच्यात तुझं नाव होतं, माझं नव्हतं. नोटीस बोर्डाच्या काचेवर बोट ठेवून मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. दुसरी यादी लागली, तिसरी लागली. तुझं ॲडमिशन होऊन गेलेलं, तुला यायचं काही कारण नव्हतं, तरी दर वेळी तू जिंतूरहून माझ्याबरोबर आलीस. तिसऱ्या खेपेला परत येताना खिडकीची जागा मला दिलीस. बोरीला गाडी थांबली तेव्हा म्हणालीस, "मी बी नाव काढून घेते. आपण दोघी जिंतूरलाच शिकू."

"मेहरबानी नको तुझी," मी म्हणाले.

खरं तर तू तसंच करावंस असं मला आतून वाटत होतं. माझ्यासाठी तू बुडावंस, म्हणजे मला बरं वाटेल. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ते ठाऊक असणार.

जिंतूरच्या कॉलेजात मला काही कमी होतं असं नाही. सर मनापासून शिकवायचे. दोष कॉलेजचा नव्हता, माझ्या नाकाचा होता. मी मागच्या बाकावर बसायचे, कोणाशी ओळख करून घ्यायची नाही, लग्नाकार्याला जायचं नाही, कारण तिथे हमखास कोणीतरी विचारणार, "परभणीला जाणार होतीस ना गं तू?" घरात आईने नुसतं "जेवलीस का?" विचारलं तरी मी अंगावर धावून जायचे. नकार पचवणं वगैरे म्हणतात, तसलं मला काही जमलं नाही. मी तो नकार गालात धरून बसले होते.

आणि त्यात तुझा डबा.

तू परभणीला दोन मुलींबरोबर खोली करून राहिलीस. आपल्याकडच्या सगळ्याच पोरांचं असायचं तसं, सकाळी घरून डबा एस.टी.त ठेवायचा, परभणीला तू स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचा, आणि संध्याकाळच्या गाडीने तो परत धाडायचा. तुझी आई, म्हणजे आमची काकू, एक दिवस दारात येऊन म्हणाली, "मंगल, तू त्याच वाटंनं जातीस न्हवं? एवढा डबा गाडीत ठिवशील का माय?" नाही कशी म्हणणार. रोज सातच्या गाडीला मी तो तीन खणांचा पितळी डबा ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या झाकणावर ठेवायचे आणि गाडी सुटली की कॉलेजची वाट धरायचे. जिचा नंबर लागला तिची भाकरी, जिचा लागला नाही तिच्या हातात. कधी कधी वाटायचं, स्टँडवरच्या कुत्र्यापुढे ओतावा. ओतला नाही एकदाही.

काकूचा एक नेम होता. भांडं कोणाचंही असो, रिकामं परत करायचं नाही. चिमूटभर साखर, चार चिंचा, काही नाही तर कढीपत्त्याची काडी, पण काहीतरी घालून द्यायचं. तुलाही तिने तेच बजावलं होतं. परभणीच्या त्या खोलीत तू घालणार काय? पहिले काही दिवस साखर आली. मग एका शनिवारी काकू माझ्याकडे घडी घातलेल्या कागदांची चळत घेऊन आली. "हे तुझं हाय बग. डब्यात आलं." आठवडाभराच्या सगळ्या तासांच्या नोट्स होत्या, निळ्या शाईत, तुझ्या त्या गोल गोल अक्षरात. वर लिहिलेलं, "मंगलसाठी. समीकरणं तपासून घे, माझी चुकतात."

मी तीन आठवडे त्या कपाटावर टाकून ठेवल्या. चौथ्या आठवड्यात वाचल्या, कारण समीकरणं खरोखर चुकलेली असणार याची मला खात्री होती आणि ती शोधायचा मोह आवरला नाही. चुकलेली होतीच. मी ती वेगळ्या कागदावर लाल पेनने दुरुस्त करून सोमवारी डब्याबरोबर पाठवली, वर एक शब्द न लिहिता. अशी आपली शाळा सुरू झाली. तू चुकायचीस, मी तांबडं करायचे. त्या वर्षी दोघींनाही चांगले मार्क पडले.

आता ते वर्ष संपल्यावरचं सांगते. जिथे आपलं बिनसलं ते.

पहिल्या वर्षानंतर परभणीच्या तुमच्या वर्गातली काही मुलं मेडिकलला लागून निघून गेली. जागा रिकाम्या झाल्या आणि बाहेरच्या कॉलेजातल्या मुलांना दुसऱ्या वर्षाला घेणार असल्याची नोटीस लागली. दोनच दिवसांची मुदत. मला यातलं काहीच कळलं नाही. कळलं ते जागा भरून झाल्यावर. त्या रविवारी स्टँडवर आपल्या बारावीच्या वर्गातली एक मुलगी भेटली आणि म्हणाली, "तू अर्ज का नाही केलास?" मी तशीच तुमच्या घरी आले. तू आदल्याच दिवशी आली होतीस. उंबऱ्यात उभी राहिलीस. मागे काकू भाजी निवडत बसली होती.

"जागा निघाल्या होत्या?"

"हाव."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तू मागे बघितलंस, मग माझ्याकडे. "इसरले गं," म्हणालीस. "ध्यानातच ऱ्हायलं न्हाई."

मी काय काय बोलले ते मला आठवतं आणि इथे लिहिणार नाही. माझं वर्ष तू विसरलीस, म्हणाले. तुला मी तिथे नकोच होते, म्हणाले. हुशार मैत्रीण शेजारी बसली की आपला नंबर जातो ना, असंही म्हणाले. तू खाली मान घालून ऐकत होतीस. काकू मध्येच उठून आत पाणी प्यायला गेली, ती मी जाईपर्यंत बाहेर आली नाही. मला वाटलं, लेकीची लाज वाटली असेल बिचारीला.

पुढचं सगळं वर्ष मी तुझ्याशी बोलले नाही. डबा मात्र सोडला नाही. नोट्स येत राहिल्या, मी तांबडं करून पाठवत राहिले, बोलणं तेवढं बंद. रेणू, असं भांडण जगात दुसरं कोणी केलं असेल असं मला वाटत नाही.

तिसऱ्या वर्षी पुन्हा थोड्या जागा निघाल्या. या खेपेला तू डब्यात काही घातलं नाहीस. फॉर्म हातात घेऊन दुपारच्या गाडीने उन्हातान्हाची स्वतः आलीस, आमच्या ओसरीवर माझ्यासमोर बसलीस, मी शेवटची सही करेपर्यंत उठली नाहीस, आणि तो फॉर्म पिशवीत घालून त्याच पावली परत गेलीस. "यंदा नाही विसरलीस?" मी विचारलं. वर्षभरानंतरचं माझं पहिलं वाक्य. तू हसलीस. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, मन खात असणार, आता भरपाई करते आहे.

माझं झालं. ज्या बोर्डावर माझं नाव नव्हतं त्या कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला जाऊन बसले. आणि तुला सांगते, पहिले पंधरा दिवस मला तिथे रडू येत होतं. वर्ग जुना, मी नवी. सगळ्यांच्या जोड्या ठरलेल्या, लॅबमध्ये माझ्यासाठी टेबल नाही. बाक तसलेच, ब्युरेट तसल्याच, एक तर गळकी. याच्यासाठी मी दोन वर्षं अन्न गोड लागू दिलं नव्हतं? तूच तुझ्या जोडीदारणीला विनवून दुसरीकडे बसवलंस आणि मला ओढून शेजारी घेतलंस. खोलीत खिडकीजवळची जागा माझी झाली. काकूचा डबा तीन खणांचा होता तो चार खणांचा झाला. आता तो एस.टी.त ठेवायला माझी आई जायची.

त्याच खोलीत तुझ्या ट्रंकेत मला तुझ्या जुन्या वह्या सापडल्या. सगळ्या कार्बनच्या. फिकट, डागाळलेल्या, मधली अक्षरं उठलेलीच नाहीत. तू कार्बन घालून लिहायचीस, वरची शाईची प्रत मला पाठवायचीस आणि खालच्या भुरक्या कागदावर तू अभ्यास करायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, "मला काय, मी लिहिलेलंच असतंय. तुला पहिल्यांदा वाचायचं असतंय न्हवं." आभार मानायची ती वेळ होती. पण मनात हिशेब चालू होता, की विसरलीसही तूच. रेणू, माझ्यातला हा कोतेपणा तुला दिसत होता का गं? तरी शेजारी बसवायचीस.

मग आपण मोठ्या झालो, एवढंच. तू पाथरीला सासरी गेलीस आणि तिथल्या शाळेत लागलीस, मी जिंतूरलाच अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायला लागले. दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर मी बसते. यादीत नाव न आलेली मुलं काचेवर तसंच बोट ठेवतात, आधी वरून खाली, मग खालून वर. त्यांना मी माझी गोष्ट सांगते. माझ्या एका विसराळू मैत्रिणीमुळे माझं एक वर्ष गेलं, तरी मी पोचले, तुम्हीही पोचाल. मुलं हसतात, त्यांना जरा बरं वाटतं. किती वर्षं सांगितली असेल. तुझ्या शाळेत पाहुणी म्हणून बोलावलंस तेव्हाही तीच सांगितली, आणि तुझ्याकडे बोट करून दाखवलं, "ती बघा, तुमच्या बाईच." सगळं पटांगण हसलं. तूही तोंडाला पदर लावून हसलीस. शेजारी काकू बसली होती. तू तिचा हात धरला होतास, घट्ट. स्टेजवरून मला तो दिसला आणि मला वाटलं, किती माया आहे मायलेकींची. काकू त्या दिवशी जेवली नाही. पित्त झालंय म्हणाली.

तुला माती दिली तेव्हा मीही मूठभर टाकली. तुम्हा लिंगायतांत दहन नसतं. तुला बसवलेलं होतं, कपाळावर विभूती, आणि मला वाटत होतं की आता मान वर करशील. तुझ्या नावाचं शिवगणाराधनेचं जेवण झालं, पाहुणे पांगले, भांडी आवरली. काकूने मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटलं. तिच्या हातात एक घडी घातलेला कागद होता, पिवळा, तेलकट.

"मंगल, रेणूनं तुला कदी सांगितलं न्हाई?"

"काय, काकू?"

"मला वाचायला येत न्हाई, बाई."

मला आधी कळलंच नाही. अगं, काकूला वाचायला येत नाही? शाळेच्या पालक समितीत इतकी वर्षं होती ती. रजिस्टरवर झोकात सही करायची. गल्लीतल्या बायका तिला सातवी शिकलेली समजायच्या, मीही. आता एकेक आठवायला लागलं. कागद पुढे केला की "चष्मा घरी ऱ्हायला, तूच वाच." पेपर समोर धरून नुसती चित्रांवर बोलायची.

"सही तेवढी तिनं शिकवली हुती, तिसरीत असताना," काकू म्हणाली. "माजी इज्जत म्हणून कुणाला सांगायची न्हाई ती."

मग तिने सांगितलं. त्या गुरुवारी संध्याकाळच्या डब्यात तू नोटिसीसोबतचा फॉर्म घालून पाठवला होतास. मागच्या बाजूला पेन्सिलीने मला निरोप लिहिला होता. काकूला माझे कागद ओळखू यायचे ते निळ्या शाईवरून, तशी खूणच तू तिला सांगून ठेवली होतीस. हा छापील होता, पातळ, निळं काही नाही. तिला वाटलं, पोरीला घालायला दुसरं काही मिळालं नाही, म्हणून रद्दी घातली. भाकरीला घाम येऊ नये म्हणून खाली रोज कागद घालायची ती. शुक्रवारी सकाळी तिने तो फॉर्म तळाला अंथरला, वर भाकरी ठेवल्या, कडेला शेंगदाण्याची चटणी, आणि डबा माझ्या हातात दिला.

माझ्या हातात, रेणू. माझा फॉर्म मी स्वतः सातच्या गाडीत ठेवून आले. झाकण नीट बसलंय ना, तेही बघितलं.

"दुपारी डबा उगडला आन् तिला दिसलं," काकू सांगत होती. "कॉलेजात जाऊन लय रडली म्हणं. तुज्या नावानं दुसरा फॉरम भरला, पर गुणपत्रक न्हवतं, घेतला न्हाई त्येंनी. शनवारी ह्यो कागद घिऊन घरी आली. मी म्हणलं, मीच सांगते मंगलला. तर म्हणली, न्हाई आई. तिचं तोंड लय तिखट हाय. सगळ्या गल्लीला कळंल."

यावरून मी तुझ्याशी भांडणार होते. काल रस्त्यात चालता चालता मोठ्याने बोलले सुद्धा, की तू मला सांगायला हवं होतंस, मी काय काकूला खाल्लं असतं का. मग दोन पावलांवर माझी मीच थांबले. खाल्लं असतं. एकोणीस वर्षांची मी त्या उंबऱ्यात उभी राहून ओरडले असते, "अडाणी आहे तुझी आई!" चार घरांना ऐकू गेलं असतं. तू मला इतकी ओळखून होतीस, आणि तरी मैत्री सोडली नाहीस. पण पुढे तरी? आपण चाळिशीच्या झालो, माझी जीभ थोडी बोथट झाली, तेव्हा तरी? एकदा पाथरीला तुझ्या गच्चीवर वाळवण घालताना तू म्हणाली होतीस, "मंगल, तुला एक सांगायचंय." आणि मी म्हणाले, "सांग, विसरण्याआधी." तू हसून म्हणालीस, "जाऊ दे." तेव्हा सांगणार होतीस का? आता हे कोणाला विचारू?

काकूला मी म्हणाले, हे आपल्यातच राहील. ती म्हणाली, "ऱ्हाऊ देऊ नको. तू पोरांना गोष्ट सांगतीस न्हवं, तिच्यात नीट सांग. लिहायचं असंल तर लिही. माजी लाज झाकता झाकता ती गेली, आता मला कशाची लाज?"

म्हणून लिहिते आहे. येत्या जूनमध्ये त्या टेबलावर बसेन तेव्हा गोष्ट बदललेली असेल. मुलं हसणार नाहीत कदाचित. न हसू देत.

काकूने मग तो कागद माझ्यापुढे धरला. इतकी वर्षं तिने तो देवघरातल्या विभूतीच्या डब्याखाली ठेवला होता. "तिनं मला नुसतं सांगितलं, की मंगलला निरोप हुता," ती म्हणाली. "पर काय लिवलंय ते मला अजून ठावं न्हाई. कुणाला दाखवू? तू वाच."

चटणीच्या तेलाने कागद काचेसारखा झाला होता. पेन्सिल मात्र शाबूत. मी खिडकीपाशी गेले आणि मोठ्याने वाचलं.

"मंगल, जागा निघाल्यात. उद्या शेवटचा दिवस आहे. गुणपत्रक घेऊन सातच्या गाडीने ये, मी परभणीच्या स्टँडवर उभी राहते. घाईत डबा राहिला तरी राहू दे. तू ये."

काकूने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "आजून एकदा वाच."

मी पुन्हा वाचलं. मग ती सात वाजून गेलेली सकाळ डोळ्यांपुढे आली. गाडी परभणीला लागते आहे, तू एकेक उतरणारं माणूस बघते आहेस, शेवटचं माणूस उतरतं, आणि इंजिनच्या झाकणावरून ड्रायव्हर तुझ्या हातात डबा देतो.

मी आले नाही, रेणू. डबा तेवढा वेळेवर पाठवला.